बटण न दाबता

पाणीमीटर विभागाच्या साहेबांना जेवणानंतर डोळे मिटून विचार करायची सवय होती. विचार फार खोल असत, त्यामुळे कधीकधी घोरण्याचाही आवाज येई. अशाच एका गहन विचारात ते बुडालेले असताना दार उघडून हेडक्लार्क आत आले.

"बोलावलंत, साहेब?"

साहेब दचकून ताठ बसले. त्यांनी कुणालाही बोलावलं नव्हतं. समोर टेबलावर तीन नवीकोरी बटणं चकाकत होती. एक हेडक्लार्कांचं, एक हिशेबनीसबाईंचं, एक शिपाईमामांचं. सकाळीच साहेबांच्या मेहुण्याने ती बसवली होती. बटणांच्या लांबलचक वायरी भिंतीवरच्या डबीत, तिथल्या कंट्रोलरच्या, म्हणजे चिमुकल्या संगणकाच्या, पोर्टांना. पलीकडच्या पोर्टांना रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके. बटण दाबलं की रिले टक् करणार आणि बाहेर ज्याच्या त्याच्या टेबलावर दिवा लागून बेल वाजणार. उद्घाटनाला साहेबांनी भाषणही ठोकलं होतं, "यापुढे या ऑफिसात कुणी ओरडून हाक मारणार नाही. हे नवं युग आहे."

नवं युग पहिल्याच दुपारी स्वतःहून वाजायला लागलं, हे कबूल कोण करणार? लवकरच संचालक मॅडम तपासणीला यायच्या होत्या आणि उपसंचालकाची खुर्ची रिकामी होती. साहेबांचा सगळा जीव त्या खुर्चीत अडकलेला. ही बेल त्यासाठीच तर बसवली होती.

"हो, बोलावलं ना!" साहेब म्हणाले. "ते हे... गेल्या वर्षीच्या तक्रारींचं काय झालं?"

हेडक्लार्कांचा चेहरा पडला. गेल्या वर्षीच्या तक्रारी कपाटात सुखाने नांदत होत्या. त्यांची चौकशी करण्याइतकं वाईट आजवर हेडक्लार्कांशी कुणी वागलं नव्हतं.

"बघतो, साहेब," असं पुटपुटत ते बाहेर पडले आणि हिशेबनीसबाई आत आल्या. त्यांना साहेबांनी बिलांची फेरतपासणी सांगितली. पाठोपाठ मामा आले. त्यांना काय सांगावं ते सुचेना, म्हणून साहेबांनी त्यांना गोदामातले बंद मीटर मोजायला पाठवलं. मग दाराला कडी लावून त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"अरे, हात न लावता वाजतंय हे!"

"वाजणारच, दाजी," मेहुणा शांतपणे म्हणाला. "बटण दाबलं नसेल तेव्हा काय समजायचं, ते पोर्टला सांगायचं राहिलंय. त्यामुळे ते अधांतरी लटकतंय. पंखा फिरला, ट्यूब लागली, जवळून कुणी गेलं, की त्याला वाटतं बटणच दाबलं."

"म्हणजे नुसत्या हवेवर कामाला लागतं?"

"हो. प्रोग्राममध्ये एक ओळ घातली की ताळ्यावर येईल. पण मी बाहेरगावी आहे. आलो की करतो."

"बंदच करून टाकू का?"

"करा की. फक्त मॅडम आल्यावर ओरडून हाका माराव्या लागतील."

साहेबांनी फोन ठेवला. त्या दिवसापासून त्यांचे हाल कुत्रं खाईना. डोळा लागला की बाहेर बेल, बेल वाजली की माणूस दारात, माणूस आला की त्याला काम. कामं शोधून शोधून साहेब मेटाकुटीला आले. रात्री जेवतानाही त्यांचं तेच चाललेलं पाहून बायको वैतागली.

"एवढा कसला घोर लागलाय तुम्हाला?"

"उद्या काय काम सांगू याचा."

"कमाल आहे! आपल्या गल्लीतला मीटर कधीपासून उलटा फिरतोय, तो सांगा ना दुरुस्त करायला."

साहेबांना हे खरोखरच नवीन होतं. मीटर दुरुस्त करणं हेच आपल्या विभागाचं काम आहे, हे त्यांच्या ध्यानातून पार गेलं होतं. दुसऱ्या दिवशी गल्लीतला मीटर सुलटा झाला. मग पुढच्या गल्लीतला. बाहेर हेडक्लार्क दबक्या आवाजात म्हणाले, "वरून दट्ट्या आलाय बहुतेक." हिशेबनीसबाईंनी आयुष्यात प्रथमच विणकाम घरी ठेवलं. कपाट रिकामं होत चाललं, तक्रारदार आभार मानायला येऊ लागले आणि साहेबांच्या डोळ्यांखाली काळं आलं.

मेहुणा यायच्या आधी मॅडम आल्या. त्यांनी खुर्चीत बसताच आपला मोबाइल टेबलावर, नेमका वायरींच्या जुडग्यावर ठेवला. तो वाजला मात्र, भिंतीवरच्या डबीत टक्, टक्, टक् झालं आणि तिघंही धापा टाकत एकदम आत आले.

"तक्रारी निकालात निघाल्या, साहेब!"

"बिलं तपासून झाली."

"मीटर मोजले, पुसले पण!"

मॅडम चकित झाल्या. "बोलवायचा अवकाश, की काम तयार? पण तुम्ही तर बटणाला बोटही लावलं नाहीत!"

 खरं बोलावं तर खुर्ची गेली. साहेबांनी छाती पुढे काढली.

"मॅडम, बटणं नावापुरती आहेत. ही स्वयंचलित व्यवस्था आहे. कुणाला कधी बोलवायचं, ते यंत्रच ठरवतं. मला काही करावंच लागत नाही."

"काहीच नाही?"

"अजिबात नाही!" साहेब अभिमानाने म्हणाले.

मॅडमनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून साहेबांनी त्या रात्री घरी उपसंचालकासारखं बसून पाहिलं.

आठवडाभरात हुकूम आला. ज्या विभागात यंत्रच सगळं ठरवतं, तिथे वेगळ्या साहेबाची गरज नसल्याने ते पद रद्द करण्यात येत आहे. केबिन यंत्रासाठी राखून ठेवावी. यंत्राला कुणीही हात लावू नये. साहेबांनी बाहेर हॉलमध्ये बसून कामाला हातभार लावावा. कंट्रोलरच्या पोर्टांची चौथी जोडी प्रोग्राममध्ये होती, पण तिला ना बटण होतं ना बेल. विभागाच्या वायरमनने तिला साहेबांच्या नव्या टेबलासाठी नुसता रिले जोडला, दिवा लावला, बेल बसवली.

पहिल्याच दुपारी साहेब विचारात बुडणार, तोच टक् झालं. दिवा लागला, बेल खणखणली. हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. साहेब उठले, शर्ट नीट खोचला आणि दार ढकलून केबिनमध्ये गेले.

"बोलावलंत?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

रिकाम्या खुर्चीवर पंख्याचा वारा पडत होता. आत कुणी नाही, हे बाहेर जाऊन सांगावं, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग थोडा वेळ तिथेच उभं राहून ते बाहेर आले.

"काय म्हणाले?" हेडक्लार्कांनी काळजीने विचारलं.

"गेल्या पाच वर्षांचा अहवाल मागितलाय," साहेब म्हणाले आणि खाली मान घालून लिहायला बसले.