खुर्चीच्या पाठीवरचं नाव

शाळेला मदत करायचे रस्ते बरेच होते. वाचनालयाला पुस्तकं द्या, रविवारी येऊन राबा, नाहीतर नव्या सभागृहासाठी खुर्ची द्या. खुर्चीच्या पाठीवर तुमच्या नावाची पितळी पट्टी लागेल. पट्टीपुढचं काही आमच्या कारकूनसाहेबांना ऐकूच आलं नाही. आजवर त्यांचं नाव फक्त घराच्या दारावर लागलं होतं (तेही घरमालकाच्या नावाखाली).

"अहो, मी पडदे शिवून देते ना. तेवढं पुरे," बायको म्हणाली.

"पडद्यावर नाव कुठे लावतात?"

बायकोने सुईत दोरा ओवला आणि विषय सोडून दिला.

खुर्चीपायी साहेबांचे नवे बूट पुढच्या वर्षावर गेले, पण स्वारी खूश होती. त्यात शाळेच्या नाटकात लेकीला एक वाक्य मिळालं. झोपलेल्या राजाला उठवायचं होतं.

"बाबा, मी तुझ्याकडे बघून म्हणणार. मग भीती नाही वाटणार."

"बघ की. मी माझ्या खुर्चीवरच असेन."

नाटकाच्या संध्याकाळी पडदा ओढायला बायको आत गेली. साहेब खुर्ची शोधायला निघाले. सगळ्या खुर्च्या सारख्या, आणि पट्ट्या पाठीमागे. म्हणजे आपलं नाव वाचायचं तर आपल्याच खुर्चीवरून उठावं लागणार, हे त्यांना आत्ता कळलं. तेवढ्यात सभागृहातले दिवे मालवले गेले आणि नाटक सुरू झालं. साहेबांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि ओणवे झाले.

"काही हरवलंय का?" एका बाईंनी पाय वर घेत विचारलं.

"नाव."

"सापडेल हो," बाई मायेने म्हणाल्या आणि जरा लांब सरकल्या.

नाव सापडलं. त्यावर कुणाचे तरी आजोबा ऐसपैस टेकले होते.

"आजोबा, ही खुर्ची माझी आहे."

"कशावरून?"

"मागे नाव आहे."

"मला मागचं दिसत नाही. वाचून दाखवा."

साहेब गुडघ्यांवर बसले. रुमालाने पट्टी पुसून त्यांनी आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं वाचून दाखवलं.

"छान आहे," आजोबा म्हणाले आणि तसेच बसून राहिले. तेवढ्यात टाळ्या वाजल्या. मान वर करून पाहतात तो पडदा पडलेला.

साहेबांनी टॉर्च विझवला. एवढंसं वाक्य, आणि तेही आपण ऐकलं नाही. घरी जाताना लेक मुकाट्याने चालत होती, तसं त्यांना आणखीच वाईट वाटलं.

"काय बोललीस गं," त्यांनी ठोकून दिलं. "शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला. राजा तर ताडकन उठला."

लेकीने आईकडे पाहिलं. आई रस्त्याकडे बघत राहिली.

"बाबा, मी बोललेच नाही. तू टॉर्च घेऊन रांगत होतास, तेच बघत राहिले."

साहेबांनी गुडघ्यांवरची धूळ झटकली.

"मग राजाला कोणी उठवलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणीच नाही. आईने पडदा पाडला."