दाजींच्या दोन बाटल्या

आमच्या दाजींकडं पावणा आला की गुळपाण्याआधी सुई यायची. "बसा पावणं. वाईच रक्त द्या की," एवढं म्हणून ते बाही वर सारायचे, तीही पावण्याची. महाराजांच्या खुराकावर पोसलेले तालमीतले पैलवान अख्ख्या कोल्हापुरात कुणाला भीत नसत. दाजींची छत्री दिसली की मात्र गुपचूप बोळात शिरत.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. मुंबईला जाऊन डॉक्टरकी शिकले, पण बोली गारगोटीचीच ठेवली. काढलेलं रक्त ते दोन बाटल्यांत ओतायचे. एकीत रक्त गोठू न देणारं औषध असायचं. तिच्यात लाल गाळ खाली बसे आणि वर पिवळसर पाणी राही. तो प्लाझ्मा. दुसरीत काहीच घालायचं नाही. तिच्यातलं रक्त गोठायचं, गोळा आकसायचा आणि त्याला पाणी सुटायचं. ते सीरम.

"दोन्ही पिवळंच की," मी एकदा म्हणालो. झालं.

"दूध आणि दह्यावरचं पाणी एकच व्हय?" दाजी कडाडले. "प्लाझ्म्यात गोठायचा माल तसाच हाय. सीरममधला गोळ्यात गेला. डोळं हायत का बटणं?"

हा सगळा खटाटोप अक्कासाठी होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला विळी लागली तरी रक्त दिवसभर थांबायचं नाही. त्यात तिची दाढ किडली. गाल पुरीसारखा फुगला, पेजेशिवाय काही घशाखाली जाईना. दाढ काढावी, तर रक्त कोण थांबवणार? अशांना निरोगी माणसाचं ताजं सीरम टोचलं तर गुण येतो, असं दाजींनी नव्या पुस्तकात वाचलं होतं. "आधी सीरम, मग दाढ," असं ते रोज म्हणत.

पण सीरम तयार व्हायचं, शिळं व्हायचं आणि मोरीत जायचं. शेवटी माझं डोकं फिरलं.

"दाजी, सगळ्या गावाला टोचत सुटलाय. अक्काला कवा टोचणार? उपाशी मरंल की ती."

त्यांनी पिचकारी भरली, उजेडात धरून बघितली आणि परत खाली ठेवली.

"टोचल्या जागंचंच रक्त थांबलं न्हाय तर?"

इतका बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

अक्का गालाला फडकं बांधून आतून आली. त्यांच्यापुढं बसली आणि दंड उघडा केला.

"टोचा," ती म्हणाली. "न्हाय थांबलं तर दोघं मिळून धरू की दाबून."