कमानीचा पडदा

खिडकीला जुनं लुगडं बांधायचं नाही, एवढाच निर्णय मी घेतला होता. त्यात माझं काय चुकलं, हे मला अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. (आमच्या सौभाग्यवती द्वारकाबाई सांगतात, पण त्या फार भरभर बोलतात.)

हकिगत गंभीर आहे, म्हणून मुळापासून सांगतो. मी वसमतच्या तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. घर भाड्याचं. पुढे बैठक, मागे माजघर, आणि दोहोंच्या मधल्या भिंतीला एक ऐसपैस खिडकी. खिडकीला गज आहेत, झडपा नाहीत. घरमालकाचं म्हणणं असं की, खिडकी उजेडासाठी असते. झाकायचीच असेल तर पाडली कशाला? मी भाडं मोजलं आणि आम्ही संसार मांडला.

आता माझे सासरे. डोंगरकड्याचे व्यंकटराव. जमीन मोठी, मिशा मोठ्या, आणि घराण्यात बायकांना गोशा. बैठकीत परका पुरुष असला तर आतल्या बाईचं नखसुद्धा दिसता कामा नये. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, पाटावर बसले आणि समोर बघतात तो खिडकीतून त्यांची लेक चूल फुंकताना दिसली. बैठकीत तेव्हा आमच्या कचेरीतले दोघे पान जमवत बसले होते. (त्यांना मीच बोलावलं होतं, एवढा भारदस्त सासरा दाखवायला.) व्यंकटराव भरल्या ताटावरून उठले. "जिथं माज्या लेकीला आडोसा न्हाई, तिथं मी घोटभर पाणी बी पिणार न्हाई," म्हणाले आणि छकड्यात बसून चालते झाले.

तेव्हापासून द्वारकाबाई पंचमीला माहेरी जाऊन यायच्या, पण वडील या घराची पायरी चढले नव्हते. मात्र डोंगरकड्याची हळदीची गाडी इथल्या मोंढ्याच्या बाजारात आली असं कळलं की आमच्याकडे दोन भाकरी जास्तीच्या व्हायच्या, आणि दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई स्वतःच त्या शिळ्या खायच्या.

तर गेल्या फाल्गुनात त्यांचा गाडीवान रतनसिंग निरोप घेऊन आला. "मालक बुधवारी हळद घेऊन येऊन राहिले. म्हणले, पडदा लावला आसंल तर जेवून जातो. न्हाई तर भायरल्या भायेर."

द्वारकाबाईंनी तिथल्या तिथे पेटी उघडून आपलं जुनं काळं लुगडं बाहेर काढलं. "दुहेरी करून सुतळीवर टाकते. झालं."

"लुगडं?" मी म्हणालो. "ज्या माणसानं पडद्यापायी ताट सोडलं, त्याला सुतळीवरचं लुगडं दाखवायचं? पडदा असा पाहिजे की सगळ्या डोंगरकड्यात त्याची चर्चा झाली पाहिजे!"

"आवं, त्यायला आडोसा पायजे, तमाशा न्हाई."

मी रजा टाकली आणि रेल्वेने हिंगोलीला गेलो. तिथली छावणी उठून जमाना झाला, पण गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांतलं सामान जुन्या बाजारात अजून हिंडत असतं. एका दुकानात मला तो दिसला. पांढऱ्या कापडाचा, लाकडी दांड्यावर गुंडाळलेला पडदा. खालच्या काठाला पट्टी आणि पट्टीला रेशमी दोरी.

"साहब लोगां का परदा है, जनाब," दुकानदार म्हणाला. "खींचो तो नीचे, छोड़ो तो ऊपर."

दांडा पोकळ होता आणि आत घड्याळात असते तशी कमान होती. दांड्याच्या एका टोकाला गोल खिळा, दुसऱ्या टोकाला चपटी पट्टी. त्यांना अडकवायला भिंतीत ठोकायचे दोन लोखंडी कान. एका कानाला गोल भोक, दुसऱ्याला खाच. शिकलेल्या माणसाला यात अवघड काय? मी घरी येऊन कान ठोकले, दांडा अडकवला आणि दोरी ओढली. पडदा खाली आला. सोडली. पडदा खालीच राहिला. दांडा उलटा बसला होता. गोल खिळा खाचेत गेल्यामुळे आख्खा दांडाच फिरत होता आणि कमान आत स्वस्थ झोपली होती.

मी दांडा फिरवून बसवला, दोरी ओढली आणि सोडली. यावेळी कमान जागी झाली. फाटकन आवाज झाला, पडदा वर गेला आणि जाताना पट्टीने माझी टोपी उचलून घेतली. टोपी गुंडाळीत अशी घट्ट बसली की दांडा उतरवावा लागला.

"टोपी गोशात गेली," द्वारकाबाई म्हणाल्या.

दोरी हळू सोडली तर पडदा हवा तिथे अडकतो, ही गोष्ट दुकानदाराने मला सांगितली नाही. (सांगितली असेल. मी तेव्हा चर्चेचा विचार करत होतो.) तेव्हा पडदा खाली राहावा म्हणून मी दोरीला घरातला सगळ्यांत जड जिन्नस बांधला. तो म्हणजे पाट्यावरचा वरवंटा.

"आन मी मसाला कशानं वाटू?"

"बुधवार होईपर्यंत थांब."

"बुधवारचाच तर सैपाक हाय!"

मी शेजारच्या गोजरबाईंना भर दुपारी बैठकीत उभं केलं, द्वारकाबाईंना आत उभं केलं आणि रीतसर परीक्षा घेतली. "काय दिसतंय?"

"धवळं कापड," गोजरबाई म्हणाल्या. "दुसरं काय दिसंल?"

माझं समाधान झालं.

बुधवारी मोंढ्यात लिलाव लांबला आणि व्यंकटराव यायला दिवेलागण झाली. लेक दारात येऊन पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती आत गेली, मी पडदा ओढला, आतून वरवंटा बांधला. घरात कंदील एकच. तो मी स्वयंपाकाला उजेड हवा म्हणून माजघरात कोनाड्यात ठेवला होता, आणि बैठकीत बारीकशी चिमणी. व्यंकटराव पडद्याकडे तोंड करून पाटावर बसले. जेवतात की उठतात, हे काही कळेना.

अशा वेळी घरधन्याचा दरारा दिसला पाहिजे. "किती वेळ?" मी करड्या आवाजात ओरडलो. "घरात पाहुणे आलेत!" आणि तरातरा आत गेलो.

आत द्वारकाबाई वरवंट्याची गाठ सोडत होत्या. "ठेचा वाटल्याबिगर बाबा जेवत न्हाईत."

मी हात जोडले. हळू आवाजात म्हणालो, "एवढा वेळ राहू दे. पडदा वर गेला तर ते उठतील." आणि मोठ्याने, "अजून ठेचा नाही म्हणजे काय?"

त्यांनी हात गाठीवरून काढला नाही. मी दोन्ही कान धरले. मग त्यांनी मिरच्या-लसणाची वाटी आणि एक पितळी तांब्या माझ्यापुढे धरला. मी उकिडवा बसलो आणि तांब्याच्या बुडाने पाट्यावर ठेचा ठेचू लागलो. ठेचताना गर्जना चालूच होती. "या घरात माझा शब्द शेवटचा आहे! समजलं?" मिरची डोळ्यांत गेली. त्यांनी पदराने माझे डोळे पुसले आणि भाकरी जळत होती तिकडे बोट दाखवलं. मी भाकरी उलटली, हात भाजला, बोटं तोंडात घातली. "पुन्हा असं चालायचं नाही!" एवढं बजावून मी मिशांवरून हात फिरवत बाहेर आलो.

व्यंकटराव जसेच्या तसे बसले होते. "पडदा बेस हाय," ते म्हणाले.

मी फुललो. "कमानीचा आहे, मामा. खास हिंगोलीहून—"

"समदं सोच्छ दिसून राहिलं."

मी वळून पाहिलं. पांढऱ्या कापडावर, नाकातल्या नथीसकट, द्वारकाबाईंची सावली ताट वाढत होती. पाट्यावरची मिरचीसुद्धा मोजता आली असती. दिवसा बाहेर उजेड होता आणि आत अंधार. आता कंदील आत गेल्यामुळे सगळं उलटं झालं होतं, आणि हे माझ्या परीक्षेत बसलेलं नव्हतं.

मी मान खाली घातली. आता ते उठणार आणि या घरात जास्तीच्या भाकऱ्या कायमच्या शिळ्या होणार, हे मला दिसत होतं. लुगडं लावू दिलं असतं तर! मला खरोखर रडू आलं. (मिरचीही होती.)

"जावयबापू," व्यंकटराव म्हणाले. "त्या दिवशी मी उठून गेलो. मला वाटलं, ज्याला बायकोला आडोसा करायचं सुचत न्हाई, तो तिला काय सांभाळणार. तवापासून घास गोड लागला न्हाई मला. लेकीला इचारावं, तर ती म्हणणार, बराबर हाय, काई तकलीफ न्हाई. समद्याच लेकी तसं म्हणत्यात. आज डोळ्यानं बघितलं."

पडद्यावर द्वारकाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलताना दिसत होते. व्यंकटरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ते उगाच खाकरले. मीही दुसऱ्या भिंतीकडे पाहत राहिलो.

मग ते म्हणाले, "भायरल्या दाराला कडी लावा."

मी लावली.

"द्वारके, ये भायेर. माज्यापाशी बस. दोघं एका ताटात जेवू."

त्या डोळे पुसत बाहेर आल्या आणि वडिलांच्या पाटाला पाट लावून बसल्या. डोंगरकड्याच्या त्या घराण्यात बैठकीत लेक बापाच्या ताटात जेवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मीही हात धुऊन तिसरा पाट ओढला.

"तुमी कुठं?" व्यंकटराव म्हणाले. "तुमी आत व्हा. चूल इझंल."

मी द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्या ठेचा वाढत होत्या.

तेव्हा मी पडद्याआड गेलो, चुलीत फुंकर घातली, परातीत पीठ घेतलं, आणि बाहेर ऐकू जाईल अशा करड्या आवाजात विचारलं, "पाणी किती घालू?"