येळवशीला पायी गेलेला पाहुणा

चालावं कसं, ते माझ्याकडनं शिकावं! मिजास म्हणून सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगतो. भालकी तालुक्यात मास्तरकी करताना मांजरेच्या दोन्ही काठांच्या पायवाटा मी पायाखाली घातल्या. पळसाचं रान कुठं लागतं, शिंदीच्या बनातनं उतरलं की ढोपरभर पाण्यातनं नदी कुठं ओलांडता येते, कुठल्या आमराईत भर दुपारी गारवा असतो, सगळं तोंडपाठ! चढ नाही, दगडधोंडा नाही. लोक म्हणे चालायला थंड हवेच्या ठिकाणी जातात. जाऊ द्या बापडे, पैसे असतात एकेकाकडं!

आमच्या राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, त्याच हिवाळ्यात आमच्या कस्तुराला नदीपलीकडनं स्थळ आलं. मुलगा शेतकी खात्यात, निर्व्यसनी. आमच्या कस्तुरानं त्याला चहा देताना बशीत सांडला, तरी 'चहा चांगला होता' म्हणाला. ती त्याच दिवशी मनानं नदीपलीकडं गेली. वडील श्रीमंतराव मवाळ माणूस. राहता राहिल्या मुलाची आई नागूबाई. त्यांनी निरोप धाडला, "येळवशीला आमच्या रानात जेवायला या, मग बोलू."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळं गाव शेतात! कडब्याची कोप उभारायची, पांडवांची पूजा करायची, आणि मग पालेभाज्या नि ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, वर मडक्यातली आंबट आंबील. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, हा रिवाज. तो न जेवता गेला तर शेताचा अपमान.

नागूबाईंची एक गोष्ट आमच्या कानावर आली होती. आधीच्या एका पाहुण्यानं त्यांची भज्जी पानात टाकली. झालं! नागूबाईंनी स्थळच मोडलं.

"मोटारीनं जाऊ," आमची मंडळी, म्हणजे सुशीलाबाई, सकाळीच म्हणाली.

"मोटारीनं? अगं, नदीकाठानं दोन तासांची वाट! पळसाच्या रानातनं, हरभऱ्याच्या बांधानं. पोरीचा बाप ठणठणीत चालत आलेला बघून पाव्हणे खूश होतील!"

"आज येळवस हाय. वाटंत समदी शेतं हायत."

"म्हणून तर! रान भरलेलं असंल. बघत बघत जाऊ."

सुशीलाबाईनं माझ्याकडं असं बघितलं की शहाण्या माणसानं तिथंच चपला काढून ठेवल्या असत्या. मी काठी उचलली आणि निघालो.

पळसाचं रान झकास पार पडलं. रान ओलांडून पहिल्या बांधावर पाय ठेवला, तोच हाक आली.

"गुरुजी! बर्री, बर्री! ऊटा माड्री!"

'या, जेवा' म्हणून कानडीत हाक मारणारा बंडेप्पा! त्याचा पोरगा माझ्या हाताखालनं शिकून तलाठी झालेला.

"बंडेप्पा, आज न्हाई. पाव्हण्याकडं जेवायला चाललोय."

"तुमच्या छड्या खाऊन पोरगं तलाठी झालं, आन तुमी आमच्या रानातनं उपाशी जाताव व्हय?"

चारचौघांत असं म्हटल्यावर छाती फुगते हो! मी बसलो. सुशीलाबाई मात्र पदर सावरत म्हणाली, "माझा नेम हाय. आज पयला घास नागूबाईच्या हातचाच." तिला कुणी आग्रहच केला नाही! असला नेम मलाही सुचला असता, पण तोवर माझ्या तोंडात उंडा होता.

भज्जी मात्र काय होती! मी दोनदा मागून घेतली. कबूल.

उठून शंभर पावलं गेलो नाही, तोच शेजारच्या बांधावर शंकरप्पा कमरेवर हात देऊन उभा.

"गुरुजी, बंडेप्पाकडं जेवलाव. आमच्याकडं कामून न्हाई? आमचं पोरगं नापास झालं म्हणून?"

बसलो. नापास पोराच्या बापाकडं कमी खाल्लं असं व्हायला नको, म्हणून तिथं बंडेप्पापेक्षा एक उंडा जास्तच खाल्ला! तिसऱ्या शेतात गुरुबाई म्हातारी. तिचे चारी नातू माझ्याच वर्गात. चौघं एकेक वाडगा घेऊन रांगेत उभे राहिले, हजेरीला उभे राहतात तसे. कुणाचा घेऊ नि कुणाचा नको म्हणू?

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ज्या वाटेवर मी मिजास मारत होतो, तिच्यावर एकही शेत परक्याचं नव्हतं! एका ठिकाणी खाल्लं की पुढच्या सगळ्यांकडं खाणं आलंच. आमराईच्या गारव्यात तर माझी वाट बघत दोन कोपी!

"बास करा की वं!" सुशीलाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "तिकडं काय खाचाल? पोरीचं लगीन हाय का थट्टा?"

"माझी जिरवायची ताकद तुला ठाऊक न्हाई," मी म्हणालो. म्हणालो खरं, पण नदीवर आलो तेव्हा मला वाकून धोतर वर घेता येईना. ते सुशीलाबाईनं खोचून दिलं. पाण्यातनं मी नांगर टाकलेल्या होडीसारखा चाललो होतो.

पलीकडं नागूबाई वाट बघत उभ्याच होत्या. उंच, धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. श्रीमंतराव त्यांच्या मागं होते, पण दिसत नव्हते.

"या पाव्हणं! चालत आलाव? मग तर भूक लागली असंल सपाटून!"

माझ्यासमोर परात आली. ताट नव्हे हो, परात! भज्जीचा डोंगर, वर तेलाची धार, कडेला उंड्यांची तटबंदी. मी एक घास उचलला. घास तोंडाशी गेला, तोंड उघडेना. दुसऱ्यांदा उचलला. पोटानं आतनं कडी घातलेली!

"काय झालं पाव्हणं? आमच्या घरचं अन्न गोड लागंना व्हय?"

कस्तुराचा चेहरा समोर आला. पोरगी सकाळी हळूच म्हणाली होती, "अप्पा, नीट बोला हं." आणि मी तिचा संसार पाच शेतांत खाऊन बसलो होतो! देवा शपथ, रडू आलं मला.

सुशीलाबाईनं प्रसंग ओळखला. तिनं परात स्वतःपुढं ओढली आणि अशी जेवली, अशी जेवली, की नागूबाईंना वाढायला दम लागला! पण नागूबाईंची नजर काही माझ्यावरनं हटेना.

"आंबील तरी घ्या," त्या कोरडेपणानं म्हणाल्या.

आंबील म्हणजे काय, पाणीच! पोरीसाठी मी डोळे मिटून अख्खा तांब्या रिकामा केला आणि घसा खाकरला. "नागूबाई," मी गंभीरपणे सुरुवात केली, "लग्न म्हणजे दोन घराण्यांचा..."

पुढचं वाक्य मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा दिवस कलला होता. डोक्याखाली घडी केलेलं घोंगडं, अंगावर श्रीमंतरावांचं उपरणं, कपाळाला गंध, पोटावर नारळ. चारी बाजूंनी हसणं चाललेलं.

"सुपारी फुटली," सुशीलाबाई म्हणाली.

"माझ्याशिवाय?"

"व्हय इवाई!" नागूबाई म्हणाल्या. मघाशी 'पाव्हणं' होतो, एकदम 'इवाई', म्हणजे व्याही! "परका मानूस दुसऱ्याच्या रानात ताठ बसतोय. तुमी तर घोरलाव! जो आमच्या रानात बिनघोर झोपला, तो घरचाच. आन दुसरं सांगू? बैठकी मोडत्यात त्या पोरीच्या बापाच्या बोलन्यानं. तुमी झोपलाव म्हनून दोन इड्यांत समदं मिटलं बघा!"

मी सुशीलाबाईकडं अभिमानानं बघितलं. "बघितलंस? पायी आल्याचा फायदा!"

कस्तुराला आज दोन लेकरं आहेत, सुखात आहे. तिच्या सासरी कुणाचंही लग्न ठरवायचं असलं की पहिलं बोलावणं मला येतं. खोटं वाटत असेल तर विचारा! मानानं नेतात, लोडाशी बसवतात, आणि मी घसा खाकरला रे खाकरला, की आंबिलीचा तांब्या पुढं करतात.