पहिल्या बाकावरचा झरा

आमच्या कुडाच्या पाड्यावर जलसुरक्षकाच्या दोन जागा निघाल्या. एक मला मिळाली आणि दुसरी पाड्याच्या झऱ्याला. प्रशिक्षण तालुक्याला होतं. मी जीपने गेले, झरा रस्त्याच्या कडेकडेने आला.

वर्गात मागे उतार होता म्हणून त्याला पहिला बाक दिला. तो तालुक्याला म्हणजे पाड्यावर पाणी नाही, तेव्हा मधल्या सुट्टीत पाड्यातल्या बाया हंडे घेऊन वर्गात यायच्या. शिकवणाऱ्या घरत बाई कडक. "भरा, पण फळ्याकडून येऊ नका, फरशी ओली होते," म्हणाल्या. फरशी झऱ्यामुळे ओलीच होती, पण बाईंपुढे कोण बोलणार!

मला हसायला सवड नव्हती. माझी चंद्री पावसाळा संपल्यापासून जुलाबांनी अर्धी झाली होती. दवाखान्यात बरी व्हायची, घरी येऊन पाणी प्याली की पुन्हा तेच. पाण्यात काय आहे ते शोधायचंच, एवढ्यासाठी मी हे काम धरलं होतं.

परीक्षा म्हणून प्रत्येकाने परत जाऊन आपल्या गावचं पाणी तपासायचं होतं. बाटलीच्या तळाशी औषध असतं. पाणी भरून ती उबेला ठेवायची. काळी पडली तर पाणी खराब, मग त्या जागी लाल रंग मारायचा, म्हणजे कोणी पिऊ नये. झरा पाड्यावर आपल्या जागी परतल्यावर मी त्याच्याकडे गेले, बाटली विसळली आणि भरली. भांडं न विसळता भरलं तर आमच्याकडे सासू हात धरते. दुसऱ्या दिवशी बाटली स्वच्छ! बायांनी टाळ्या वाजवल्या. झरा गप्प होता. एरवी त्याचं तोंड बंद नसतं.

मी खुशीत चंद्रीला ते पाणी दिलं. संध्याकाळी पोर आडवी झाली.

तिचे कपडे धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तशीच झऱ्यापुढे जाऊन उभी राहिले.

"बाटली विसळली की औषध वाहून जातं. तुला ठाऊक होतं?"

"बाईंनी सांगितलं तेव्हा मी पहिल्या बाकावर होतो. तू खिडकीतून बायांशी बोलत होतीस."

"मग मला अडवलं का नाहीस?"

"तू लाल रंग मारला असतास. मग माझ्याकडे कोण आलं असतं, साकरे?"

वाईट वाटलं मला. त्याच्याच काठावर खेळून मी मोठी झाले. पण राग त्याहून मोठा होता. "मेल्या, माझी पोर हातची चालली होती!" म्हटलं आणि नवी बाटली उघडून तशीच भरली. दुसऱ्या दिवशी ती तव्यासारखी काळी पडली. त्याच्या दगडावर लाल रंग मी माझ्या हाताने मारला. तो हलला नाही.

"आता मी जातो," म्हणाला.

"कुठं जातोस? नोकरी आहे तुला. चल वर."

वरच्या अंगाला माझ्या सासूच्या म्हशी डुंबायच्या, त्यांची घाण त्याच्यात उतरायची. त्या हलवल्या, कुंपण घातलं. सासूने माझ्याशी बोलणं टाकलं, टाकू दे. खांबांचे खड्डे खणताना जमीन कडक लागली की झरा पुढे जाऊन माती भिजवायचा. तोवर पाडाभर पाणी उकळून प्यायचं, हे मी घरोघरी भांडून सांगितलं. चंद्री अंगणात खेळायला लागली.

मग पुन्हा बाटली भरली. या वेळी ती काळी पडली नाही. मी न उकळलेलं पाणी पेल्यात घेतलं, चंद्रीला हाक मारली आणि पेला तिच्या हातात दिला. झरा उंबऱ्यापर्यंत आला होता.

"थांब," तो म्हणाला. "अजून एक बाटली भर."

"का? नियम आहे?"

"नियम नाही. मला भीती वाटते."

मी चंद्रीच्या हातातला पेला काढून घेतला. ती रडायला लागली. नवी बाटली आणून मी उंबऱ्यावर बसले आणि बूच काढलं.

"विसळू नकोस," झरा म्हणाला.