तात्या हवालदारांचे हुकूम

तात्या हवालदारांच्या दारात कुणी पाय ठेवला, की ते घरात तोंड करून एकच आरोळी ठोकत, "पावणा!" एवढ्यावर काकू कुत्रं बांधत, घोंगडं अंथरत, पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे ठेवत. पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून रहिमतपूरजवळच्या त्या वस्तीवर तात्यांनी सगळा संसार असा हुकमांत बांधला होता. "काम मोठं आसंल तर तुकडं पाड, गड्या, आन् तुकड्याला नाव दे. डोस्कं मोकळं ऱ्हातं."

बेचाळीसच्या चळवळीनंतर पत्रकं छापायचं आम्हा भूमिगतांचं सायक्लोस्टाईल यंत्र त्यांच्याच घरी दडवलेलं होतं. पत्रकं मी लिहीत असे, सलग, एका दमात. गोऱ्या सरकारला सुनावताना मधे थांबायचं कशाला? तात्यांना ते पसंत नव्हतं. "तुझं वाचताना मानूस धापा टाकतंय रं! इसाव्याला जागा ठेव की."

"आणि तुमचं ऐकताना माणूस वाट चुकतो," मी म्हणे.

"पावणा" ठीक होतं. रोज लागायचं आणि नुसत्या नावावरून काम कळायचं. पण यंत्र लपवायला त्यांनी हुकूम काढला, "झाकपाक". झाकपाक म्हणजे आधी "गंज", मग "राख". गंज म्हणजे "उचल" करून यंत्र कडब्यात घालणं. राख म्हणजे पत्रकं चुलीत. क्वचित कधी करायच्या कामाला इतकी नावं!

एक दिवस उजाडताना कुत्रं भुंकलं. खिडकीतून पोलीस दिसले. मी माळ्यावर चढलो. तात्या गरजले, "झाकपाक!" यंत्रापाशी होता जतहून कालच आलेला आमचा भीमा.

"म्हंजी काय करू?"

"गंज कर!"

"गंज म्हंजी?"

"आदी उचल कर की रं!"

"आवं, काय उचलू? सरळ सांगा की!"

काकूंनी तात्यांना बाजूला सारलं. "ह्ये यंत्र धर हिकडनं. चल, कडब्यात घालू."

मागच्या दारानं यंत्र गेलं आणि पुढच्या दारानं फौजदार आत आला. त्याला दार ठोठावावंही लागलं नाही. कडीच लावलेली नव्हती.

तो हात हलवत परत गेला आणि मी तात्यांना धारेवर धरलं. झाकपाक, गंज, राख, सगळे हुकूम मी मोडीत काढले. "पावणा" मीच राहू दिला.

"आणि कडी का उघडी?"

"ती 'बाळू'त येती."

"बाळूत अजून काय काय येतं?"

काकूंनीच सांगितलं. बाळू त्यांचा मुलगा. पलटणीबरोबर मलायात गेलेला, तेव्हापासून ठावठिकाणा नाही. रोज दिवेलागणीला तात्या "बाळू!" म्हणत. मग काकू दाराची कडी काढत, दोन भाकरी झाकून ठेवत, खाटेवर वाकळ पसरत.

"घरात माणसं दोन," मी चिडून म्हणालो. "हुकूम कशाला? सरळ बोला की एकेक."

"येकेक बोलाया लागलो, तर भाकरीपाशीच आडतो रं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. तात्या उठून ताठ उभे राहिले. "कडी लागनार न्हाई. फौजदार येऊ दे, न्हाईतर लाटसाब येऊ दे. तुमचं यंत्र दुसरीकडं न्या."

त्याच दुपारी भीमानं आणि मी यंत्र हलवलं. कडी उघडीच राहू द्या, असं निघताना मीच काकूंना सांगितलं.