एका घंटीचा दिवा

आमच्या तात्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, गॅस पेटवायचा लायटर असतो! वीतभर लांब, अर्धा खिशात, अर्धा बाहेर. गेटवरच्या नव्या वॉचमनने तर त्यांना एकदा थेट विचारलं, "आचारी, लग्नाची ऑर्डर घेता का?" खरं सांगतो!

तात्या आचारी नाहीत. बारामतीच्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये ते इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबचे असिस्टंट आहेत. मी गेल्या जूनमध्ये तिथं लेक्चरर म्हणून लागलो. पहिल्या दिवशी मी नमस्कार केला, तर नाव नाही, गाव नाही, एकदम प्रश्न.

"मास्तर, ट्रिगर म्हंजी काय?"

मी पुस्तकातली व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. तात्यांनी मान हलवली. "म्हंजी ठावं न्हाय. बसा हितं."

मग त्यांनी सांगितलं. ऑसिलोस्कोप विजेची लाट पडद्यावर दाखवतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण लाट पळती असते. नेमकी कधी पकडायची ते ट्रिगर ठरवतो. "आमच्या आज्ज्याची मेंढरं व्हती," तात्या म्हणाले. "सांच्याला वाड्याच्या तोंडाशी एक माणूस बसायचा. मेंढरू आत गेलं की मोजायचं. त्येला डुलकी लागली, दोन मेंढरं सुटली, तर त्यो कामाचा न्हाय. आन् कुत्रं आत शिरलं, त्येलाबी मेंढरू म्हणून मोजलं, तर त्यो त्याहून कामाचा न्हाय. ट्रिगर म्हंजी त्यो माणूस."

चार वर्षं इंजिनिअरिंग करून मला जे कळलं नव्हतं ते एका मेंढरात कळलं!

यंदा लॅबचा जुना स्कोप कायमचा गेला आणि नवा, स्वस्तातला डिजिटल घ्यायचं ठरलं. तेव्हापासून तात्यांना चैन नाही. मला वाटलं लॅबची काळजी. एकदा डबा खाताना त्यांनीच खरं कारण सांगितलं.

त्यांची मुलगी सुमी, सुरतेला दिलीय. एसटीडीवर बोलायला परवडत नाही आणि सासूसमोर बोलताही येत नाही. म्हणून बापलेकीचं ठरलंय, जमेल तेव्हा तिनं फोन लावायचा, एकच घंटी द्यायची आणि ठेवायचा. एक घंटी म्हणजे 'मी बरी हाय'. पण तात्या दिवसभर लॅबमध्ये. काकूंना जाऊन चार वर्षं झाली, कन्हेरी गावातल्या घरात घंटी ऐकायला कुणी नाही. मग तात्यांनी साबणाच्या डबीत एक सर्किट बसवलं. घंटी वाजली की लाल दिवा लागतो आणि संध्याकाळी तात्या घरी येऊन विझवेपर्यंत लागलेलाच राहतो.

"मग छानच की!" मी म्हटलं.

"दिवा रोज लागतूय, मास्तर. पर शेजारच्या हिरीवरची मोटर चालू झाली की बी लागत आसंल, आसा मला संशव हाय."

"म्हणजे सुमी की मोटर, कळत नाही?"

"त्येच तर बघायचंय. खरा स्कोप आला की एक रविवार घरी न्यायचा."

शुक्रवारी पुण्याहून सेल्समन दोन स्कोप घेऊन आला. एकाचा पडदा मोठा, हिरवागार. दुसरा राखाडी, लहान, एक बटण हलतंय. तात्यांनी खिशातून लायटर काढला. लायटरची ठिणगी म्हणजे एकच झटका, आला आणि गेला. स्कोपने तो पकडायचा. असे शंभर! तात्या लायटर कट्‌कट्‌ दाबत बसले आणि मी पकडलेल्या प्रत्येक झटक्याची फळ्यावर रेघ मारत होतो.

मोठ्या पडद्याने त्र्याण्णव पकडले.

"काका, बजेट मॉडेल आहे," सेल्समन हसत म्हणाला. "शंभरात सात इकडेतिकडे चालतात."

"तुमच्या पगारातलं सात दिस इकडंतिकडं झालं तर चालंल?"

तेवढ्यात मी ट्यूब लावली, तर कुणी लायटर न दाबताच पडद्यावर रेघ उमटली! तात्या टेबलावर हात आपटून ओरडले, "कुत्रं मोजलं! कुत्रं मोजलं!" सेल्समन बिचारा खाली वाकून कुत्रं शोधायला लागला.

राखाड्याने शंभरच्या शंभर पकडले. ट्यूब तीनदा लावली, ढिम्म हलला नाही.

पण प्रिन्सिपॉल आले आणि मोठ्या पडद्यासमोरच उभे राहिले. "हाच घ्या. कमिटी येणार आहे, लांबून दिसला पाहिजे."

गेला तात्यांचा रविवार! तात्या वाद घालत बसले नाहीत. त्यांनी लायटर पुढं केला. "सर, तुमच्या हातानं हूं द्या."

सरांनी तीनदा दाबला. मधला सुटला.

"माझा नाही धरला?"

"माझं त्र्याण्णव धरलं, सर," तात्या अगदी नम्रपणे म्हणाले. "तुमचाच तेवढा सोडला."

राखाडी स्कोप घेतला गेला!

रविवारी तो वाकळेत गुंडाळून, माझ्या मांडीवर ठेवून, आम्ही लुनावरून कन्हेरीला गेलो. प्रत्येक खड्ड्याला तात्या म्हणायचे, "मास्तर, तुमी पडा, पर त्येला धरा." घरी टेलिफोनच्या तारेला स्कोप जोडला. दुपारी शेतीची लाईट आली. शेजारची मोटर ऑटोवर, लाईट आली की आपोआप सुरू होते. ती गुरगुरली आणि डबीतला दिवा टचकन लागला. पडद्यावर एक बारीक सुई.

मी पळत दुकानात गेलो, तिथल्या फोनवरून एक घंटी दिली, पळत परत आलो. पडद्यावर जाड, मोठी लाट! सुई वेगळी, लाट वेगळी. मी लगेच सुई गिळून टाकणारा एक कपॅसिटर डबीत डकवला. मोटर बंद करून पुन्हा लावली. दिवा लागला नाही. पुन्हा दुकानातून घंटी दिली. लागला!

"तात्या, जमलं!" मी अक्षरशः उड्या मारत होतो. "आता दिवा लागला म्हणजे सुमीच!"

तात्या डबीकडे बघत होते.

"आन् न्हाय लागला म्हंजी?"

"म्हणजे तिनं फोन केला नाही. सोपं आहे," मी बोलून गेलो. आणि मग मला आठवलं, एक घंटी म्हणजे 'मी बरी हाय'.

तात्यांनी मला गूळ-शेंगदाणे दिले. स्वतः खाल्ले नाहीत. थोड्या वेळानं पक्कड घेतली आणि माझा कपॅसिटर कट्‌दिशी तोडून काढला.

"अहो तात्या! मोटरला पण लागेल परत!"

"लागू दे," तात्या डबी बंद करत म्हणाले. "शेतीची लाईट तर रोज येतीया."